आम्ही दोघं, जपान आणि कोयासानच्या दोन रात्री

तापीकाठची

नमस्कार मंडळी. साठीनंतर, टूर कंपनीशिवाय, शुद्ध शाकाहारी माणसांनी जपानला जावं का, असं मी गेल्या वर्षी इथे विचारलं होतं. तुम्ही भरभरून सांगितलंत. त्याच बळावर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही दोघं जाऊन आलो. आता परतफेड म्हणून हा धागा.

आधी आमच्याबद्दल. हे रेल्वेत सिग्नल खात्यात होते, शेवटची बरीच वर्षं भुसावळला. मी शाळेत शिक्षिका होते. दोघंही अंडंसुद्धा खात नाही. यांचा उजवा गुडघा दुखतो, मला थंडी सोसत नाही. मुलगी म्हणत होती, "आई, बारा दिवसांत आठ शहरं होतात." आम्ही चारच ठिकाणं घेतली: टोकियोला ४ रात्री, क्योटोला ४, कोयासान या देवळांच्या डोंगरावर २, ओसाकाला १. टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरलो आणि ओसाकाजवळच्या कानसाई विमानतळावरून परतलो, त्यामुळे मागे फिरावं लागलं नाही. एकाच दिशेचा प्रवास असेल तर जेआर पास (परदेशी प्रवाशांचा रेल्वे पास) घेऊ नका. ७ दिवसांचा साधा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनांवरून थेट ५०,००० येनांवर गेला. टोकियो ते क्योटो नोझोमी या बुलेट ट्रेनचं सुटं तिकीट साधारण १४,००० येन पडतं. हिशेब तुम्हीच करा.

टोकियोवर इथे पुष्कळ लिहून झालंय, म्हणून थोडक्यात. आसाकुसाचं सेन्सोजी देऊळ सकाळी साडेसहालाच गाठलं. दुकानं उघडायची होती, आणि कामिनारीमोन या वेशीच्या त्या अवाढव्य लाल कंदिलाखाली आम्ही दोघंच उभे. मेइजी जिंगूचं रान मात्र मनात राहिलं. १९२० साली देऊळ उभं राहिलं तेव्हा ते रान नव्हतंच. देशभरातून लोकांनी सुमारे एक लाख झाडं पाठवली आणि माणसांनी ती हाताने लावली. हाराजुकू स्टेशनातून बाहेर पडून पाच मिनिटं चाललं की गाड्यांचा आवाज विरतो आणि पायाखालची खडी तेवढी वाजत राहते. आमच्या शाळेत दरवर्षी वृक्षारोपण व्हायचं आणि दरवर्षी त्याच खड्ड्यात व्हायचं. तिथे मी बराच वेळ गप्प उभी होते.

टोकियो–क्योटो गाडीत दोन आसनांच्या बाजूची 'ई' क्रमांकाची जागा मागून घ्या, फुजी त्याच बाजूला दिसतो. आम्हाला चार-पाच मिनिटं दिसला, माथ्यावर थोडासा बर्फ. हे मात्र फुजीपेक्षा रुळांकडेच जास्त बघत होते. क्योटोतही त्यांनी सोन्याचं देऊळ माझ्यावर सोपवलं आणि स्वतः रेल्वे संग्रहालयात दिवस काढला. तिथे १९१४ सालचं इंजिनांचं पंख्याच्या आकाराचं शेड आहे, मधोमध फिरतं टेबल आणि भोवती वीस रूळ. संध्याकाळी भेटलो तेव्हा त्यांच्या सदऱ्याला कोळशाचा वास येत होता आणि चेहरा पंचविशीतला झाला होता.

क्योटोत देवळं पाहून पाय थकतात, आणि गर्दी खरंच फार आहे. दोन गोष्टी सांगते. एक, क्योटोजवळच्या नारा गावचा दाइबुत्सु, म्हणजे मोठा बुद्ध. हा सुमारे पंधरा मीटर उंचीचा काशाचा बुद्ध. इ.स. ७५२ मध्ये त्याचे डोळे रेखले, म्हणजे आपल्याकडे मूर्तीचं नेत्रोन्मीलन करतात तसं, आणि ते केलं बोधिसेन नावाच्या भारतातून गेलेल्या भिक्षूने. दुसरी, क्योटोच्या एका जुन्या मिठाईच्या दुकानात मिळणारं 'कान्किदान'. वर आठ चुण्या काढून तोंड बांधलेली पुरचुंडी, आत गोड लाल चवळीसारख्या डाळीचं पुरण, त्यात लवंग-दालचिनीसारखे मसाले, आणि तिळाच्या तेलात तळलेली. मी पहिला घास घेतला आणि यांना म्हटलं, "अहो, हा तळणीचा मोदक आहे!"

आता एक त्रासाचं. क्योटोत एका खानावळीत 'भाज्यांचे नूडल्स' म्हणून जे समोर आलं त्याचा रस्सा माशाचा होता. दोन घोट गेल्यावर कळलं. चूक त्यांची म्हणावी तर त्यांच्या दृष्टीने त्यात मासा नव्हताच, कारण तुकडा दिसत नव्हता. मला मात्र दिवसभर अन्न गेलं नाही. पुढचे दोन दिवस मेतकूट-भात, शेंगदाण्याची चटणी आणि केळी यांवर काढले. भात दुकानात तयार मिळतो, मायक्रोवेव्हमध्ये गरम करून देतात.

आणि मग कोयासान. खरं तर हा सगळा धागा मी यासाठीच लिहितेय.

ओसाकाच्या नाम्बा स्टेशनातून नानकाई रेल्वेची गाडी दीड तासात गोकुराकुबाशीला सोडते. तिथून पाच मिनिटांची केबल कार डोंगराच्या अंगावरून सरळ वर चढते, मग बस. वर सुमारे ८०० मीटरवर एक सपाट खोरं आहे, चहूबाजूंनी डोंगर, आणि त्यात शंभराहून जास्त देवळं. इ.स. ८१६ मध्ये कूकाई नावाच्या भिक्षूला राजाने ही जागा दिली. त्यांना लोक कोबो दाइशी म्हणतात. पन्नासेक देवळं यात्रेकरूंना राहायला जागा देतात. त्याला शुकुबो म्हणतात, देवळातली धर्मशाळाच.

बसचा पहिला थांबा न्योनिनदो, म्हणजे 'बायकांचं देऊळ'. १८७२ पर्यंत बायकांना त्याच्या पुढे पाऊल टाकायची परवानगी नव्हती. वर येऊन इथेच थांबायचं, इथूनच हात जोडायचे. ज्यांना राहवत नसे त्या डोंगराच्या कडेकडेने फेरी मारायच्या आणि वरून देवळांचे कळस बघायच्या. ती पायवाट अजून आहे. आम्ही बसमधून उतरलो. लहानसं, लाकडाचं, काळपट देऊळ. मला माझी आजी आठवली. अमुक दिवशी शिवायचं नाही, तमुक देवळात जायचं नाही, हे सगळं निमूट पाळलेली. मी तिच्या नावाने पाच येनांचं नाणं टाकलं. नाण्याला मधे भोक असतं आणि 'पाच येन' या शब्दाचा उच्चार 'गो-एन', म्हणजे ऋणानुबंध, असाही होतो, म्हणून देवापुढे तेच टाकतात.

जेवण खोलीतच आलं. बुटक्या लाल ताटांवर लहान लहान वाट्या: तिळाचं तोफूसारखं काहीतरी (गोमादोफू, तोंडात ठेवताच विरघळतं), वाळवून मग शिजवलेलं कोया-दोफू, भाज्यांचे तेम्पुरा (आपली भजीच), लोणचं, भात, सूप. मांस-मासे नाहीतच, आणि कांदा-लसूणही नाही! आठ दिवसांनी मी काहीही न विचारता जेवले. खाली बसता येत नाही म्हणून यांच्यासाठी बुटकी खुर्ची आधीच ठेवलेली होती, आरक्षणाच्या वेळी ईमेलमध्ये लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून ओकुनोइनला गेलो. इचिनोहाशी पुलापासून दोन किलोमीटर वाट, दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांचे सुरू-देवदारासारखे उंच वृक्ष आणि त्यांच्या पायाशी दोन लाखांहून जास्त थडगी व स्मारकं. आयुष्यभर एकमेकांशी लढलेले सरदार तिथे शेजारी शेजारी आहेत. शेवाळ इतकं दाट की दगड मऊ वाटतो. लहान मुलांना जपणारे जिझो नावाचे बोधिसत्त्व गळ्यात लाल कापड बांधून बसलेले. वाळवीसाठीसुद्धा एक स्मारक आहे, वाळवी मारण्याचा ज्यांचा धंदा त्यांनीच उभारलेलं.

वाटेच्या शेवटी कूकाईंची समाधी. इ.स. ८३५ मध्ये ते वारले असं तिथे कुणी म्हणत नाही. ते ध्यानात बसले आहेत, अजून बसले आहेत. म्हणून रोज सकाळी ६ आणि साडेदहा वाजता त्यांना जेवण नेतात. आम्ही सहाला पुलाजवळ उभे होतो. दोन तरुण भिक्षू खांद्यावरून लाकडी पेटी घेऊन आले, पुढे एक ज्येष्ठ भिक्षू. जवळच्या एका छोट्या देवळीपुढे थांबून आधी तिथे चव दाखवली, मग पूल ओलांडून आत गेले. पुलापलीकडे फोटो काढायचे नाहीत, टोपी घालायची नाही. हे माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "आळंदी."

मला दुसरा शब्द सुचला नसता. संजीवन समाधी आणि रोजचा नैवेद्य. बाराशे वर्षं एकही दिवस न चुकता कुणासाठी तरी ताट वाढलं जातंय, आणि त्या थंडीत आम्ही ते जाताना पाहिलं.

एक रात्र राहिलात तर हे होत नाही. दुपारी पोचायचं, जेवायचं, सकाळची प्रार्थना करून नऊला निघायचं, असंच सगळे करतात. दोन रात्री ठेवा. टोकियोतली एक कमी करा.

प्रश्न विचारा, जमेल तसं सांगते.

पिंपळपान

ताई, किती सुंदर लिहिलंय. "आळंदी" वाचून अंगावर काटा आला. खर्च साधारण किती आला? आणि व्हिसाला त्रास झाला का?

निशिकासाईकर

मस्त. मी इथे बारा वर्षं राहतोय आणि न्योनिनदोला कधी उतरलो नाही, बस पुढे जाते तसा पुढे गेलो. पुढच्या वेळी बायकोला घेऊन उतरेन.

शाकाहारी लोकांसाठी माशाच्या रश्शाचं स्पष्ट करतो. त्याला 'दाशि' म्हणतात. वाळवलेल्या कात्सुओ माशाचा कीस आणि कोंबु नावाची समुद्री वनस्पती उकळून तो करतात. मिसो सूप, उदोन-सोबा नूडल्सचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, तेम्पुराबरोबरची चटणी, इनारी सुशीचं गोडसर तोफू, सगळीकडे तो असतो. म्हणून "मांस नको, मासा नको" एवढं पुरत नाही. असं म्हणा: "निकु, साकाना, कात्सुओ-दाशि वा ताबेरारेमासेन." आणि जपानीत लिहिलेलं कार्ड दाखवा. तोंडी सांगितलं की समोरचा माणूस संकोचाने "हाय हाय" म्हणतो. तो होकार नसतो, "ऐकतोय" एवढाच त्याचा अर्थ.

टोकियो स्टेशनच्या आत, तिकिटाच्या फाटकाच्या आतल्या बाजूला, पूर्ण वनस्पतिजन्य रामेन मिळतं. कोकोइचीच्या करी दुकानांत शाकाहारी करीचं वेगळं पान मागा. आणि टोकियोतल्या आमच्या निशिकासाईला या. भारतीय किराणा, ताजी कोथिंबीर, सगळं मिळेल.

साठीपुढच्यांसाठी फार महत्त्वाचं: औषधं. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. १० टक्क्यांहून जास्त असेल तर ती गोळी जपानमध्ये आणायला बंदी आहे. कोडीनवरही निर्बंध आहेत. बीपी-मधुमेहाची औषधं महिन्याभराची आणलीत तर प्रश्न नाही, जास्त असतील तर आधी परवानगीचा कागद लागतो. डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत असू द्या. मांसाचे पदार्थ आणि ताजी फळंही सामानात नकोत.

तापीकाठची

@पिंपळपान, विमानासकट दोघांचे चार लाखांच्या आसपास झाले. शुकुबोत माणशी सुमारे १५ हजार येन एका रात्रीचे, त्यात दोन वेळचं जेवण. महाग वाटतं, पण दिवसभराचं खाणं त्यातच होतं. व्हिसासाठी परतीचं तिकीट, राहण्याची आरक्षणं, रोजचा कार्यक्रम आणि बँकेचे कागद दिले, पेन्शनच्या पासबुकाची प्रतही जोडली होती. काही अडलं नाही.

@निशिकासाईकर, औषधांचं तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. यांची औषधांची पिशवी कोयासानच्या बसमध्ये राहिली होती. मठातल्या एका मुलाने फोन केला आणि पुढच्या बसने ती आली, प्रत्येक पट्टी जागच्या जागी. तरी त्या तासाभरात माझा जीव टांगणीला लागला होता. तेव्हापासून अर्धी औषधं माझ्या पर्समध्ये, अर्धी यांच्याकडे.

सह्यभ्रमर

लेख आवडला, पण एक गोष्ट पटली नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो. बारा दिवस जपानमध्ये राहून हिरोशिमा वगळायचं? शिन-ओसाकाहून नोझोमीने दीड तास लागतो. ६ ऑगस्ट १९४५, सकाळी ८ वाजून १५ मिनिटं. ती वेळ दाखवून थांबलेलं मनगटी घड्याळ संग्रहालयात आहे. त्यापुढे उभं राहणं हे प्रत्येकाने करावं असं मला वाटतं. बॉम्बच्या घुमटाची ती इमारत नदीकाठी तशीच ठेवली आहे. मी आणि बायको संग्रहालयातून बाहेर पडलो आणि तासभर एकमेकांशी बोललो नाही. दोन रात्री एकाच डोंगरावर घालवण्याऐवजी एक तिथे आणि एक दिवस हिरोशिमाला, असं मी नव्या लोकांना सांगेन.

तापीकाठची

@सह्यभ्रमर, तुमचं म्हणणं मनाला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मी वर्गात दरवर्षी ६ ऑगस्टला मुलांना सादाकोची गोष्ट सांगायचे. दोन वर्षांची असताना बॉम्बच्या वेळी तिथे होती, बाराव्या वर्षी, १९५५ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली, आजारपणात कागदाचे करकोचे घडत राहिली. आम्ही चौथीच्या वर्गात करकोचे करून दोरीला ओवायचो. म्हणूनच मला तिथे सकाळी जाऊन, दुपारी मियाजिमा बेटाचं पाण्यातलं तोरी (देवळाची कमान) बघून, रात्री परत यायचं नव्हतं. एका दिवसाच्या धावपळीत ते बसत नाही. जाईन तेव्हा तिथे राहीन, आणि मुलांच्या हातचे करकोचे घेऊन जाईन.

पण तुम्ही म्हणता तसं कुणी केलं तरी चूक नाही. फक्त कोयासान कापून नको, टोकियो कापा.

अक्षरवेल

मी पुण्यात जपानी शिकवते. हा धागा वाचून राहवलं नाही. तापीकाठची ताई, सकाळच्या प्रार्थनेत तुम्हाला काही ओळखीचं ऐकू आलं का?

तापीकाठची

आलं ना! लिहायचं राहूनच गेलं. सहा-सात भिक्षू एका सुरात म्हणत होते, मोठी झांज वाजत होती. शब्द कळत नव्हते, पण एका ठिकाणी "ग्यातेइ, ग्यातेइ" आणि शेवटी "सोवाका" असं पुन्हा पुन्हा यायचं. सकाळच्या होमातही तेच. हो, होमच होता तो. लाकडाच्या समिधा, तेल, मंत्र. मी यांना विचारलं, हे पाहिल्यासारखं का वाटतंय?

अक्षरवेल

कारण ते आपलंच आहे. "ग्यातेइ ग्यातेइ हारा ग्यातेइ हारासो ग्यातेइ बोजि सोवाका" हे प्रज्ञापारमिताहृदय सूत्राचं शेवटचं वाक्य: "गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा." 'सोवाका' म्हणजे स्वाहा. त्या होमाला ते 'गोमा' म्हणतात, तो शब्द 'होम'च. थडग्यांमागे उभ्या लावलेल्या लांब लाकडी फळ्या पाहिल्या असतील, त्यांना 'सोतोबा' म्हणतात, मूळ शब्द 'स्तूप'.

आता त्या फळ्या आणि पाच दगडांचे उभे स्तंभ आठवा. खाली चौकोन, त्यावर गोल, त्यावर उतरतं छप्पर, मग अर्धा गोल, वर कळीसारखा दगड. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. प्रत्येक दगडावर एक अक्षर कोरलेलं असतं: अ, व, र, ह, ख. ती लिपी सिद्धम, ब्राह्मीच्याच कुळातली. भारतात ती लोप पावली, जपानमध्ये भिक्षू अजून कुंचल्याने ती गिरवतात. कूकाई ८०४ मध्ये चीनला गेले तेव्हा चांगआन या तिथल्या राजधानीत त्यांनी प्रज्ञा नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृतचे धडे घेतले. ८०६ ला परतले ते ही अक्षरं घेऊन.

आणि विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी मी जे सांगते तेही सांगते. जपानी वर्णमाला म्हणून बघा: अ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. स्वर आधी, मग कंठापासून ओठांपर्यंत व्यंजनं, मग य-र-व. हा क्रम या सिद्धमच्या अभ्यासातूनच बसला. 'सा' आपल्या च-वर्गाच्या जागी आहे. 'हा' प-वर्गाच्या जागी, कारण जुन्या जपानीत त्याचा उच्चार 'प' होता. पाटीवर बाराखडी गिरवलेल्या माणसाला तो तक्ता दहा मिनिटांत पाठ होतो.

नागपूरचा पांथस्थ

ताई, तुम्ही कोयासानला दोन दिवस होता, विद्यापीठात गेलात का? कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं.

मी २०१८ ला गेलो होतो तो याच एका कारणासाठी. नागपूरकरांचं जपानशी नातं जुनं आहे. भदंत सुरेई ससाई मूळचे जपानचे, आयुष्य त्यांनी नागपुरात घालवलं. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार जपानी मदतीतूनच उभं राहिलं. तरी इतक्या दूर, डोंगरावर, थंडीत बाबासाहेब समोर दिसले तेव्हा डोळे भरून आले. वाटेत एकही माणूस नव्हता. मी बूट काढले आणि नमस्कार केला.

तापीकाठची

पांथस्थ दादा, नाही हो. मला माहीतच नव्हतं. आमच्या मठापासून ते चालत जाण्याइतकं जवळ होतं. तुमचा प्रतिसाद यांना वाचून दाखवला. हे गप्प झाले आणि म्हणाले, "परत जायला कारण झालं."

ओंजळ

काकू, आम्ही दोघं मार्चअखेर जातोय, लग्नानंतरचा पहिला मोठा प्रवास. मी शाकाहारी, नवरा सगळं खातो. आईला वाटतंय नव्या नवरा-बायकोने देवळात काय राहायचं! तुम्ही काय सांगाल? आणि साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, तिथे मिळेल का?

तापीकाठची

ओंजळ, आईला सांग, तिथे वाटेवर मला कितीतरी तरुण जोडपी भेटली. काही गोष्टी आधीच माहीत असू देत. गाद्या जमिनीवर आणि वेगवेगळ्या अंथरतात. स्नानगृह सामाईक, बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. टबात उतरण्याआधी बाहेर बसून स्वच्छ आंघोळ करायची. रात्री नऊला दार बंद होतं, सकाळी सहा-साडेसहाला प्रार्थना. भिंती कागदाच्या असतात, हळू बोलावं लागतं. आम्ही पस्तीस वर्षांच्या संसारात इतकं हळू कधी बोललो नव्हतो, आणि त्या रात्री बोललो तेवढं गेल्या कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. तेलाच्या शेगडीजवळ बसून यांनी मला नोकरीतल्या एका रात्रीची गोष्ट सांगितली, जी मला ठाऊकच नव्हती.

नवऱ्याला मांस हवं असेल तर ओसाकाला दोन रात्री ठेवा, तो तिथे तृप्त होईल.

निशिकासाईकर

@ओंजळ, मार्चअखेरीस टोकियो आणि क्योटोत साकुरा फुलतो. कोयासान उंचावर असल्याने तिथे तो उशिरा, एप्रिल मध्याच्या पुढे येतो. मार्चमध्ये वर रात्री शून्याच्या आसपास थंडी असेल. पण २९ एप्रिल ते ५ मेचा गोल्डन वीक टाळा, अख्खा देश फिरायला निघतो.

दोघांसाठी आणखी एक जागा सुचवतो. आसाकुसाला सेन्सोजीपासून चालत गेलं की नदीकाठच्या टेकाडावर मात्सुचियामा शोदेन आहे. तिथला देव कान्गितेन, म्हणजे आपला गणपती. मूर्ती कुणालाही दाखवत नाहीत. देवाला पांढरा मुळा वाहतात, दारातच विकत मिळतो. पती-पत्नीच्या सलोख्यासाठी लोक तिथे येतात. पायऱ्यांवर, खांबांवर सगळीकडे मुळ्याचं चिन्ह कोरलेलं आहे. तापीकाठची ताईंनी क्योटोत खाल्लेलं कान्किदान याच देवाच्या नैवेद्यातलं. दर गणेशचतुर्थीला आम्ही दोघं तिथे जातो.

पिंपळपान

काकांना तिथली रेल्वे कशी वाटली तेही लिहा ना. बुलेट ट्रेन आपल्याकडे येणार म्हणून विचारतोय.

तापीकाठची

हे स्वतःच लिहितायत, माझ्याच खात्यावरून.

नमस्कार. शिनकान्सेन, म्हणजे तिथली बुलेट ट्रेन, १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाली. मी ती पाहायला गेलो, पण लक्षात राहिली ती टोकियोची चुओ मार्गावरची लोकल. पहिल्या डब्यात उभं राहिलं की काचेतून चालकाची केबिन दिसते. पांढरे हातमोजे घातलेला एक पोरगा, वय फार तर तीस. प्रत्येक सिग्नल दिसला की उजव्या हाताचं बोट सरळ त्याच्याकडे रोखायचा आणि मोठ्याने त्याची स्थिती म्हणायचा. केबिनमध्ये तो एकटा, ऐकायला कुणी नाही. स्टेशनात थांबताना घड्याळावर बोट, वेळापत्रकावर बोट. स्टेशनावरचा माणूसही तसाच: दारं बंद झाली की फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवून म्हणायचा.

आपल्याकडेही लोको पायलट आणि सहायक एकमेकांना सिग्नल मोठ्याने सांगतात, हात करतात. नियमच आहे. पहाटे तीनला, पावसात, कितव्यातरी तासाला माणसाचे डोळे उघडे असतात पण मन बघत नाही. बोट आणि आवाज मनाला खेचून आणतात. मी सिग्नलच्या खांबाच्या बाजूला आयुष्य काढलं. आपण लावलेल्या दिव्याकडे समोरून येणारा माणूस खरंच बघतो का, हा प्रश्न मला नेहमी पडायचा. कोयासानच्या रात्री हिला मी तेच सांगत होतो. त्या पोराने तासाभरात एकही सिग्नल सोडला नाही. तो उतरला तेव्हा मी काचेपलीकडून हात जोडले. त्याने टोपीला हात लावला.

बुलेट ट्रेन ठाणे, विरार, बोईसरला येईल तेव्हा रुळांबरोबर ही सवयही यावी.

सह्यभ्रमर

काका, हे वेगळ्या धाग्यात सविस्तर लिहा, विनंती आहे.

तापीकाठची ताई, हिरोशिमाचं तुमचं उत्तर बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "आपणही तेव्हा तिथे राहायला हवं होतं." आम्ही पुढच्या ऑक्टोबरात परत जातोय. कोयासानला दोन रात्री.

ओंजळ

आई तयार झाली! मोदकाचं आणि मुळ्याचं सांगितल्यावर. शुकुबोचं आरक्षण ईमेलवर झालं, २८ आणि २९ मार्च. काकू, एक राहिलंच: पहाटे ओकुनोइनला जाताना वाट अंधारी असते का? टॉर्च न्यावा लागेल?

तापीकाठची

दगडी दिवे रात्रभर असतात, पण अंतरावर. पायऱ्या उंचसखल आणि दवाने ओल्या. टॉर्च न्या, रबरी तळव्याचे बूट घाला. मार्चअखेरीस पावणेसहापर्यंत उजाडेल, म्हणून इचिनोहाशीहून सव्वापाचला निघा, म्हणजे पेटी निघायच्या आधी पुलाशी पोचाल. मोबाइल खिशात ठेवा. आणि पांथस्थ दादांनी सांगितलेल्या ठिकाणी आमच्या वतीनेही नमस्कार करा.